रिंगचं टोक आत वाकवायचं असतं

आप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज सकाळी मी तुमच्या घराच्या कॉलमचा गिलावा फोडून आतल्या लोखंडापर्यंत पोचले. उत्रोलीचं घर, जिन्याखालचा कॉलम. छन्नी-हातोडीही तुमचीच. आवाज ऐकून आई चुलीवरचं तसंच टाकून धावत आली. "अगं, खुळी का काय तू? तुझ्या बापानं सोत्ताच्या हातानं बांदलंय त्ये!" आत बोट घालून उभ्या सळयांभोवतीची लोखंडाची रिंग चाचपली. मला ज्याची भीती होती तेच निघालं.

नीट सांगते. यंदा कंपनीनं मला तीन महिने जपानला पाठवलं होतं. इमारतींची गणितं करते ना मी, त्याच कामासाठी. एका दुपारी आठव्या मजल्यावर बसलेलो असताना भूकंप झाला. कोयनेकडून येतो तसला भांडी वाजवणारा नाही, आप्पा. अख्खी इमारत घाटातल्या एसटीसारखी या अंगावरून त्या अंगावर जायला लागली. मी टेबलाखाली घुसून "आई गं, आई गं" करतेय, आणि शेजारची बाई खणातून हेल्मेट काढून डोक्यावर घालतेय! थांबल्यावर तिनं सगळ्यांची डोकी मोजली आणि माझ्यापुढे वाकून माफी मागितली. कशाबद्दल, तर लिफ्ट बंद आहे म्हणून चहाला उशीर होईल. खाली पाहिलं तर शाळेची पोरं रांगेनं मैदानात चाललेली. रेल्वे बंद झाली ती संध्याकाळी परत सुरू. चार जुन्या घरांची कौलं पडली, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. त्या गावात मेलं कुणी नाही. एवढा मोठा धक्का आणि मेलं कुणी नाही! मला खरंच वाटेना, मी दोनदा विचारून खात्री केली.

परत येऊन महिना झाला नसेल, टीव्हीवर दुसऱ्या एका देशातला भूकंप दाखवत होते. डोंगराळ, गरीब देश, आपल्या वेल्ह्याकडच्यासारखी उतारावरची गावं. धक्का जपानपेक्षा कमी होता. कमी, आप्पा! आणि गावंच्या गावं नाहीशी. दगडमातीच्या भिंती मधोमध उकललेल्या, आणि नवी सिमेंटची घरं, त्यांचे स्लॅब दुरडीत भाकरी ठेवाव्यात तसे एकावर एक. तिसऱ्या दिवशीही माणसं हातांनी दगड उपसत होती, कारण दरड कोसळून रस्ता बंद आणि मशीन पोचेना. मी तिथल्या तिथे हिशेब करायला लागले, की पावसाळ्यात कापूरहोळवरून जेसीबी निघाला तर वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांना कधी पोचेल. तेवढ्यात कॅमेरा एका मोडक्या कॉलमवर थांबला. सगळ्या रिंगा उघडलेल्या, टोकं बाहेर आलेली, सळया फुगून वाकलेल्या. ते काम तुमचं नव्हतं, पण मी हात ओळखला.

तुम्ही रिंगचं टोक नुसतं काटकोनात मुडपायचात. सगळेच मुडपतात आपल्याकडे, काम भराभर होतं. ते टोक आणखी वाकवून कॉलमच्या पोटात घालायचं असतं. नाहीतर मोठ्या हादऱ्यात वरचं सिमेंट उडतं, रिंग उघडते आणि उभ्या सळयांना धरायला कुणी राहत नाही. एवढंच. जास्तीचं लोखंड म्हणाल तर बोटभर. आणि कामचुकार तर तुम्ही मुळीच नव्हतात हो! मातकट वाळू आली तर ट्रॅक्टर दारातून परत पाठवायचात. एकदा मी स्लॅबला पाणी मारायचं सोडून मैत्रिणीशी गप्पा मारत बसले, तर चार माणसांत केवढ्यानं ओरडलात, "सिमिटाला तान लागती, तुला लागत न्हाई व्हय?" जपानातला गवंडी तुमच्यापेक्षा हुशार नाही, आप्पा, मी पाहून आलेय. फक्त तिथे सिमेंटचा माल ओतायच्या आधी कुणीतरी येतं, वाकून रिंगा बघतं, आणि चुकलं असेल तर सगळं सोडवून परत बांधायला लावतं. आपल्याकडे वाकून बघायला येतंय कोण?

दुपारी आईला समोर बसवून सांगितलं. कॉलमना बाहेरून जाळी बांधून जाड करायचे, महिन्याभराचं काम, तोवर सगळे माझ्याकडे पुण्याला चला. ती ऐकेना. "बापाला खोटं पाडतीस? मेल्यावर?" दादाच्या दोन्ही पोरी वरच्या खोलीत अभ्यास करत होत्या, त्यांचा आवाज खाली येत होता, आणि माझं लक्ष सारखं त्या स्लॅबकडे. शेवटी म्हटलं, "आप्पांना कुठं माहीत होतं गं? मलापण तिकडं गेल्यावरच कळलं." तेव्हा कुठे ती वितळली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग त्येंचा काय दोस? आन् तुजा तरी काय?" सोमवारी माणसं येतायत.

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मला हे जपानात कळलं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवलं होतं, आकृती काढून, परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. त्याच दिवाळीत घरी आले तेव्हा याच कॉलमच्या रिंगा बांधून झाल्या होत्या, माल ओतायचा बाकी होता. मी पाहिलं. लगेच लक्षात आलं. आणि तुम्ही सेंटरिंगवाल्यांना हाका मारून गोळा केलंत. "या रं, आमची इंजिनेर आली! बग बाई, वाकून बग चांगलं. हाय का काम पक्कं?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही तर एवढे खुशीत, की मला त्या माणसांपुढे तुमचं काम सोडवायला लावायचं धाडस झालं नाही.

मी वाकून बघितलं, आप्पा, आणि म्हटलं, "एक नंबर."

तुम्ही लगेच माल ओतायला लावलात. आईला हे अजून सांगितलेलं नाही.