आठ नंबरचा शर्ट

३ डिसेंबर, सोमवार

एकच जागा! एकच! फुटबॉलच्या संघात रिसीव्हरची, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन हातांनी झेलणाऱ्या गड्याची.

सकाळच्या बैठकीत बक्स्टननी सगळ्यांदेखत जाहीर केलं. आमच्या कॉलेजचे मुख्य कोच झाल्यापासून त्यांना काहीच हळू बोलता येत नाही. "वेंडेल, यंदा रिसीव्हरची एकच जागा तुझ्या हातात. चार वर्षांची फी, खोली, जेवण, सगळं कॉलेजचं. आणि मागच्या दोघांसारखा हाताला तूप लावलेला आणलास ना, तर पुढच्या वर्षी या वेळी तू ट्रक विकत असशील."

सगळे हसले. मीही हसलो. 

लोरेटाला सांगितलं तर ती भांडी विसळता विसळता म्हणते, "तुला नाही जमायचं ट्रक विकणं. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच तू इंजिनातली खोट सांगशील."

बायकोला काय, विनोद सुचतात!

५ डिसेंबर, बुधवार

दिवसभर मॅची बघितल्या. डोळे चुरचुरतायत.

पोरं स्वतःच्या निवडक झेलांचे व्हिडिओ पाठवतात, वर दणदणीत गाणं. त्यात कोणाच्याच हातून चेंडू सुटत नाही. त्यांच्यावर भरवसा ठेवूनच मागची दोन वर्षं तोंडघशी पडलो. म्हणून यंदा पूर्ण मॅच मागवतो, पावसातली असली तर उत्तम. कोरड्या चेंडूवर माझी सासूसुद्धा झेल घेईल.

दुपारी बेल्मोरच्या शाळेची बाद फेरीतली मॅच लावली. मुसळधार पाऊस, गुडघाभर चिखल. पहिल्या हाफमध्ये लांब चेंडू कोणी टाकतच नव्हतं, म्हणून तो भाग पळवला. आणि दुसऱ्या हाफमध्ये — आठ नंबर!

सहा चेंडू आले, सहाही घेतले. हात अंगापासून लांब, चेंडू बोटांतच थांबतो. डाव्या पायावर गिरकी अशी की अडवणारा गडी चिखलात बसलेला. शेवटचा झेल अगदी कोपऱ्यात, मॅच संपता संपता. तेवढा एक छातीशी कवटाळून घेतला. ओला चेंडू, शेवटची संधी, शहाणपणाच केला. त्याच झेलावर जिंकले.

आणि नंतर नाच नाही, उड्या नाहीत, आकाशाकडे बोट नाही. पोरगा गुडघ्यांवर बसला, मान खाली घातली आणि बसूनच राहिला. बाकीचे त्याच्या अंगावर कोसळतायत आणि हा आपला प्रार्थनेत. फार आवडलं मला ते. देवाचं नाव घेणारी पोरं सरावाला वेळेवर येतात, असा माझा अनुभव आहे.

केंड्रेल मेब्री नाव. दहापैकी नऊ दिले. नऊ मी माझ्या लग्नालासुद्धा दिले नसते. (हे पान लोरेटाच्या हाती पडू नये.)

८ डिसेंबर, शनिवार

बेल्मोरला मेब्रींच्या घरी जाऊन आलो. दोन्ही बाजूंनी कापूस काढलेली मोकळी रानं, मध्ये सरळ रस्ता. झोप येऊ नये म्हणून मोठ्यानं गात गेलो.

आई मिस ऑर्लीन. शाळेची बस चालवते, आवाजही बसच्या हॉर्नसारखा. तळलेला मासा, पालेभाजी, मक्याचा ब्रेड, वर पीचचा गोड कॉब्लर. "कोच, एवढंच? पोट बरं नाही का?" तिसऱ्यांदा वाढलं. या धंद्यात हातांपेक्षा पोट मजबूत लागतं.

केंड्रेल शांत. उंच, बोटं लांबसडक. घोट्याला पट्टी होती. "त्याच मॅचमध्ये मुरगळला, सर," म्हणाला. दुखऱ्या पायानं सहा झेल! मी मनातल्या मनात आणखी अर्धा मार्क वाढवला.

दुसऱ्या हाफचं कौतुक करायला लागलो तसा तो ताटातला मासा उगाच चिवडत बसला. मग म्हणतो, "सर, एकदा आमच्या जॉर्व्हॉनला बघा ना. सत्तावीस नंबर. माझ्याहून चांगला आहे तो."

म्हटलं, बाळा, मी तुझ्यासाठी आलोय.

मिस ऑर्लीन म्हणाली, "लहानपणापासून हे असंच, कोच! शाळेत डबा द्यावा तर हा उपाशीच घरी यायचा, आणि डबा रिकामा. कोणाला दिलास म्हटलं की तोंड बंद!"

विनयी पोरगा. बरं वाटलं.

१० डिसेंबर, सोमवार

बक्स्टननी फक्त शेवटचा झेल बघितला. टेबलावर हात आपटला — "हाच!" बाकीचं बघायला वेळ नाही म्हणे. फोनवर जागा देऊ केली. मिस ऑर्लीन एवढी ओरडली की फोन कानापासून लांब धरला. केंड्रेल नुसतं "बरं, सर" म्हणाला.

डोक्यावरचं ओझं उतरलं. आता नाताळ सुखाचा.

१५ जानेवारी, मंगळवार

जायला नको होतं, असं वाटतंय. गेलो ते बरं, असंही वाटतंय.

बेल्मोरवरून जाणारच होतो म्हणून न सांगता थांबलो. चर्चमागच्या मैदानात पोरं चेंडू टाकत होती. केंड्रेलचा घोटा आता बरा झालाय, मस्त पळतो. मी गाडीतच बसून बघितलं.

छातीशी! प्रत्येक चेंडू छातीशी! वाईट घेत नाही, पण हात लांब जातच नाहीत. आणि वळतो उजव्या पायावर.

म्हटलं थंडी आहे, बोटं आखडली असतील. थंडीनं बोटं आखडतात, पाय का बदलेल? पोरगा चांगला आहे, कष्टाळू आहे, सहा-साडेसहा मार्कांचा आहे. नवाचा नाही.

येताना कोपऱ्यावरच्या टपरीवर टमाले घेतले, मक्याच्या पानात वाफवलेले, गरमागरम, ते तसेच घरी आणले. लोरेटानं पुडा बघितला, मग माझं तोंड बघितलं. "कोण मेलं?"

१६ जानेवारी, बुधवार

तीच मॅच पुन्हा लावली. पाच झेल बोटांत, डावा पाय. सहावा छातीशी. तेवढाच काय तो आधार — म्हणजे छातीशी घ्यायची सवय तेव्हाही थोडी होतीच. ओढूनताणून समाधान करून घेतोय, कळतंय मला.

पोरांनी कॉलेजच्या करारावर सह्या करायचा दिवस आता जवळ आला. एकदा सही झाली की जागा गेली. मग मी, बक्स्टन आणि ट्रकचं दुकान.

१९ जानेवारी, शनिवार

हुश्श! हुश्श! हुश्श!

सकाळी दार वाजलं. बाहेर केंड्रेल, आईची गाडी घेऊन एकटाच आलेला. आत ये म्हटलं तर पायरीवरच उभा. लोरेटानं त्याला कॉफी दिली, ती त्यानं नुसती हातात धरली.

"सर, तो मी नव्हतो."

"कोण नव्हतास?"

"दुसऱ्या हाफमधला आठ नंबर. पहिल्या हाफच्या शेवटी माझा घोटा गेला. जॉर्व्हॉनचं नाक फुटलं होतं, त्याच्या शर्टावर रक्त. रक्ताच्या शर्टानं पंच खेळू देत नाहीत. आमच्याकडे जादा शर्ट नव्हते, सर. मी बाकावरच बसणार होतो, माझा काढून त्याला दिला. पंचांना सांगितलं होतं. माईकवर बोलणाऱ्याला सांगायचं राहिलं. पेपरातही माझंच नाव आलं."

मी खालीच बसलो, पायरीवर. मग तोही बसला.

"म्हणजे ते सहा झेल —"

"जॉर्व्हॉनचे, सर."

"सगळे?"

"सगळे, सर. मॅच संपेपर्यंत." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

"अरे मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तुमच्यासमोर आई एवढी खूश होती... आणि नंतर तुमचा फोन आला तसं तिनं चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मग रोज उद्यावर गेलं."

"आता आईला माहीत आहे?"

"काल सांगितलं. अजून बोलत नाही माझ्याशी. गाडीची किल्ली तेवढी दिली."

हे पोरगं गप्प बसलं असतं तर? सही केली असती, कॉलेजात आलं असतं, मी सप्टेंबरात कपाळावर हात मारून घेतला असता. चार वर्षांचं शिक्षण समोर ठेवलेलं, आणि यानं ते उचलून माझ्या हातात परत दिलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. जीव भांड्यात पडला, खरं तेच लिहितो. चूक सापडली, आणि वेळेत सापडली.

निघताना त्याला मिठी मारली. मग गाडीच्या टायरांत हवा बघितली.

२२ जानेवारी, मंगळवार

जॉर्व्हॉन टिल्मनला बघितलं. मावशीकडे राहतो. हंगाम अर्धा झाल्यावर या शाळेत आला म्हणून राखीव गड्यांत बसायचा. कुठल्याच मॅचमध्ये सत्तावीस नंबरला पाच मिनिटंसुद्धा मिळालेली नाहीत, मग कोणाला दिसणार तो!

चेंडू टाकणारा केंड्रेलच होता. मुद्दाम वेडेवाकडे टाकत होता. "सर, हा बघा! आता पाठीमागून टाकतो, हा बघा!" जत्रेतल्या खेळवाल्यासारखा. आणि पलीकडे ते दोन हात. लांब, बोटं उघडी, डावा पाय. तोच! माझे नऊ मार्क तिथे उभे होते, फाटक्या बुटांत.

बोलत मात्र नाही. विचारलं तेवढंच उत्तर, "हो सर," "नाही सर." जागा देऊ केली तर आधी केंड्रेलकडे बघितलं. केंड्रेलनं मान हलवली, मग हा "हो सर" म्हणाला. मावशी आत जाऊन रडून आली.

परतताना तिथेच गाडीत बसून टमाले खाल्ले. सगळे.

२४ जानेवारी, गुरुवार

बक्स्टनना सांगायला गेलो.  सगळं ऐकून आधी खिडकीच्या काचा हलतील असे ओरडले. मग जॉर्व्हॉनचा व्हिडिओ बघितला. मग खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसायला लागले.

"वेंडेल, तू गाढवासारखा चुकलास. पण वेळेवर चुकलास!"

नोकरी शाबूत. लोरेटा म्हणाली, "ट्रकवाले वाचले."

३० जानेवारी, बुधवार

केंड्रेलसाठी तीन ठिकाणी फोन केले. खालच्या अंगाच्या दोन वर्षांच्या कॉलेजनं घेतला! तिथला कोच जुना ओळखीचा. "साडेसहाचा आहे म्हणतोस, मग स्वतः का नाही घेत?" एकच जागा आहे म्हणून, बाबा.

६ फेब्रुवारी, बुधवार

सह्या झाल्या. शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर टोप्या मांडलेल्या. मोठ्या शाळांत एकेका पोरासमोर पाच-पाच कॉलेजांच्या असतात आणि कोणती उचलतो म्हणून सगळे श्वास रोखून बसतात. जॉर्व्हॉनसमोर एकच होती. तरी त्यानं ती उचलायला एवढा वेळ लावला की सगळा हॉल हसायला लागला! शेजारी केंड्रेल, त्याच्या कॉलेजची टोपी घालून. सगळ्यात जोरात शिट्टी त्याचीच.

मिस ऑर्लीननं माझ्याकडे बघितलंच नाही. निघताना मात्र गाडीपाशी आली आणि झाकलेलं भांडं हातात कोंबलं. "रागावलेय मी तुमच्यावर. कॉब्लर आहे. भांडं परत पाहिजे."

भांडं द्यायला स्वतः जाईन म्हटलं. हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

१७ मार्च, रविवार

भांडं दिलं. जेवूनच यावं लागलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

सरावाचा पहिला आठवडा. अंगाची लाही होतेय. जॉर्व्हॉन काहीही सोडत नाही! बक्स्टननी आज माझ्या पाठीवर थाप मारली. गेल्या चार वर्षांतली पहिली. पाठ अजून दुखतेय. किती महिन्यांनी असं हलकं वाटतंय! लोरेटा म्हणते, मी आंघोळ करताना गातोय.

१४ ऑगस्ट, बुधवार

दुपारी पावसाची सर आली, चेंडू ओले झाले. जॉर्व्हॉनला म्हटलं, त्या चिखलातल्या मॅचमध्ये शेवटचा झेल छातीशी घेतलास ना, तसा घेऊन दाखव नव्या पोरांना.

 "तो मी नव्हतो, सर. माझ्या पोटरीत गोळा आला होता. केंड्रेलनं माझ्या अंगातला शर्ट ओढून काढला, घातला आणि लंगडत गेला. तुम्हाला सांगितलं नाही त्यानं?"

नाही सांगितलं.

त्या झेलानंतर गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत नव्हता तो. त्याला उठता येत नव्हतं.