उजवा कौल आणि मंगळवारचं गाठोडं

पार्से, पेडणे
तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात, १९८७

प्रिय कमलाक्षीमावशी,

तुझं गाठोडं पोचलं. पुस्तक वाचून झालं आणि तेच या पत्राबरोबर परत येतं आहे. तुझ्या पुतण्याच्या, कृष्णनाथच्या स्थळाबद्दल तू जे विचारलंस त्याचं उत्तरही या पत्रात आहे, पण ते शेवटी आहे. कादंबरी हातात आली की तू आधी शेवटचं पान वाचतेस, हे काकांनी मला कधीच सांगून टाकलंय. या वेळी तेवढं करू नकोस. रविवारी तुझे थोरले दीर बोलणी पक्की करायला आमच्याकडे येणार आहेत, देवीने उजवा कौल दिलाय, आणि आईने शेजारी सांगूनही टाकलंय. सगळ्यांच्या लेखी उत्तर ठरलेलंच आहे. म्हणून मला माझं सावकाश सांगू दे.

शाळेत असताना तापातून उठले होते आणि घरातल्या कॅलेंडरमागचा मजकूरसुद्धा वाचून संपवला होता, तेव्हा तू पहिलं गाठोडं धाडलंस. डिचोलीच्या वाचनालयातून तुझ्या नावावर पुस्तक घ्यायचं, आधी तू वाचायचं, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून म्हापशाच्या बसमध्ये द्यायचं, आणि म्हापशाला ते आमच्या बसच्या कंडक्टर विठूच्या हाती पडायचं. मंगळवारी तिठ्यावर बस थांबली की विठू माझं नाव घेऊन ओरडायचा. सोबत कधी फणसाचं साट, कधी चण्याचे लाडू. तुझी अट एकच होती, की परत धाडताना पुस्तकात मताची चिठ्ठी हवी. पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, पुस्तक फार छान आहे. तू तेच पुस्तक पुढच्या मंगळवारी परत पाठवलंस आणि वर लिहिलंस, हे मत नव्हे, हा नमस्कार झाला. पुन्हा वाच आणि खरं ते लिही. इतका राग आला होता मला. आता वाटतं, माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

प्रेमकथांबद्दलचं माझं मत तुला पाठ असेल. वाचताना डोळे सुजेपर्यंत रडायचं आणि चिठ्ठीत मात्र लेखकाला धारेवर धरायचं, हा माझा धंदा. ती डोंगरावरच्या बंगल्यातली गोष्ट आठवते? नायिका त्याला एका बाईबरोबर बघते, ती त्याची बहीण निघते, पण हे कळेपर्यंत दोघं वर्षानुवर्षं झुरतात. आमच्या गावात असली गैरसमजूत तिठ्यापर्यंतसुद्धा टिकली नसती. सकाळी पोदेराने पाव देता देताच सांगितलं असतं, की ती त्याची भयण गो. तरीसुद्धा प्रेमकथा मला आवडतात, हे मी कबूल करते. कुणाच्या तरी पावलांची चाहूल लागली की वाचणाऱ्याच्या छातीत धडधडावं, हे काही सोपं काम नाही. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्यातल्या मुली नको असलेल्या लग्नाला नाही म्हणत नाहीत. आजारी पडतात, घर सोडतात, विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहतात, पण चार माणसांत सरळ नाही म्हणत नाहीत. लेखकांना तो शब्द लिहिता येत नाही की काय कोण जाणे.

अद्भुत कादंबऱ्यांचं एक गुपित मी तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मी जी मतं लिहायचे ती निम्मी माझी नव्हतीच. काजू भाजून फोडायच्या दिवसांत आमच्या मागच्या अंगणात वाड्यावरच्या बायका बसतात, गंगाकाकी त्यांची पुढारी. बियांच्या तेलाने सगळ्यांचे हात काळे होतात. मी पुस्तक घेऊन बसले तेव्हा काकीने कायदाच केला, की वाचणारीने बियांना हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या पुस्तकाला डाग पडेल. माझ्या वाट्याचा ढीग त्या वाटून घ्यायच्या. तो मंतरलेली अंगठी घालून अदृश्य होणारा राजपुत्र आठवतो ना? तो राजवाड्यात शिरला तेव्हा गंगाकाकी म्हणाली, “दिसना जाता जाल्यार आमचे काजूचे चोर धरूंक वचूं दी मरे. राणयेच्या कुडींत कित्याक?” राणीच्या खोलीत शिरण्यापेक्षा त्याने काजूचे चोर पकडावेत, हा तिचा न्याय. आणि त्या हजार वर्षं जगणाऱ्या मांत्रिकाला जेवण कोण रांधतं, हा प्रश्नही तिचाच. मी तो चिठ्ठीत लिहिला आणि तू शाबासकी दिलीस. ती शाबासकी मी तिला पोचवली होती. उडत्या घोड्याची गोष्ट संपली त्या दिवशी मात्र काजू फोडणं थांबलं. काकी नुसती आकाशाकडे बघत बसली, हातातली बी तशीच. असली पुस्तकं पोरकट असतात असं कॉलेजातले सर म्हणतात. त्यांना एकदा काजू फोडायला बोलवावं असं माझ्या मनात आहे.

राहिल्या थोर कादंबऱ्या. त्यांच्यापुढे मी अजूनही चप्पल काढून उभी राहते, आणि तरी पान उलटत नाही. ते निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक तू धाडलंस, त्यात अर्धा भाग घराण्याचा इतिहास. कुणाचा पणजोबा कुणाच्या आत्याला दत्तक, हे सांगता सांगता लेखकच हरवला होता. मी चिठ्ठी लिहिली, की थोर असेल पण झोप येते. तू रागावली नाहीस. म्हणालीस, आणखी थोडं सोस, काही माणसं उशिरा बोलायला लागतात. आणि खरंच, मध्यावर ती आई जेवायची दोन पानं मांडते, मुलगा येणार नाही हे ठाऊक असून, आणि दुसऱ्या पानावरचं मीठ पुसून परत बरणीत टाकते. तिथे मी पुस्तक मिटलं आणि जनेल उघडून बाहेर बघत उभी राहिले. एवढ्या एका जागेसाठी सगळा इतिहास माफ. सोसायला तू शिकवलंस, मावशी, आणि ते कुठे ना कुठे कामी येतंच.

गेल्या हिवाळ्यातल्या भाषेच्या भांडणातही तुझं गाठोडं चुकलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. रस्त्यावर झाडं आडवी होती, बस बंद, आमच्या घरी बाबा सभेला जाऊन मराठीसाठी घसा बसवून यायचे, आणि कॉलेजात माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तू कुठल्या बाजूची. मी काय सांगणार? भांडते, हसते, रडते ती कोकणीत, आणि डोळे मिटले की स्वप्नातली माणसं तुझ्या पुस्तकांतलं मराठी बोलतात. बस सुरू झाली तेव्हा विठूने गाठोडं आणून दिलं. इतके दिवस त्याने ते घरी तांदळाच्या पिंपावर ठेवलं होतं, उंदीर लागू नयेत म्हणून. पुढे मे महिन्यात गोव्याचं राज्य झालं, पेढे वाटले, पण मला विचारशील तर त्या वर्षातली माझी सगळ्यात मोठी बातमी तांदळाच्या पिंपावरचं ते गाठोडंच होती.

आता कृष्णनाथ. तो आला, नीट बोलला, बाबांना सुपारी कातरून दिली, मला शिक्षणाबद्दल विचारलं. खाणीच्या ऑफिसात त्याला मान आहे, व्यसन नाही, मोटरसायकल हळू चालवतो. त्याच्यात खोट काढायला मी बसले तर मला चष्मा लागेल. आणि तू पत्रात लिहिलंस, या घरात आलीस की गाठोडं बांधायला नको, आपण दोघी एकाच दिव्याखाली वाचू. ते वाक्य मी किती वेळा वाचलं सांगू? त्या दिव्याखाली बसायला मी धावत येईन. पण मावशी, मग मी तुझ्यासाठी येईन, त्याच्यासाठी नव्हे. आणि तो शहाणा माणूस आहे, कधीतरी त्याच्या ते लक्षात येईल. तू म्हणशील, थोडं सोस, काही माणसं उशिरा बोलायला लागतात. म्हणशील ते खरं. पण पुस्तक नाही आवडलं तर मंगळवारी परत धाडता येतं.

आणि कौलाचं काय, असं तू विचारशील. देवळात मूर्तीला पाकळ्या लावल्या, भटजींनी बाबांना प्रश्न सांगायला लावला, ढोल वाजत होता, आणि उजवीकडची, होकाराची पाकळी पडली. तुझ्या दिरांनी हात जोडले, आईचे डोळे भरले. मीही मनात म्हटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बाबा मागीलदारी नारळ सोलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हांवें देवीक लग्नाचें विचारूंकूच ना गो.” लग्नाचं त्यांनी विचारलंच नव्हतं. स्थळाचं विचारायचं, कृष्णनाथचं नाव घ्यायचं, शुद्ध मराठीत गाऱ्हाणं घालायचं, सगळं ते घोकून गेले होते. आयत्या वेळी ते सगळं विसरले, आणि सभेत मराठीसाठी भांडणाऱ्या माझ्या बाबांच्या तोंडून घरातलंच एक वाक्य बाहेर पडलं, “म्हज्या चेडवाचें बरें जातलें मू?” माझ्या पोरीचं चांगलं होईल ना, एवढंच. मागे उभ्या असलेल्यांनी फक्त पाकळी पाहिली. बाबा म्हणाले, देवीने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, तुझ्या प्रश्नाचं तू दे. मग पुन्हा नारळ सोलायला लागले. ज्या माणसाने माझ्या कादंबऱ्यांना आजवर वेळखाऊ म्हटलं, त्याच्याबद्दल मला इतकी माया कधी वाटली नव्हती.

तेव्हा मावशी, माझं उत्तर नाही असं आहे. मी बी.ए. पुरी करीन, पुढचं पुढे. रविवारी बाबा तुझ्या दिरांना स्वतःच सांगणार आहेत, पण त्याआधी तुला ते माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. सासरी तुला चार शब्द ऐकावे लागतील, तेही माझ्यामुळे, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पण “छान आहे” असं लिहून मी तुला नमस्कार धाडला असता, तर तू तो परतच पाठवला असतास. ज्या मुलीला तू खरं ते लिहायला शिकवलंस, तिची ही सगळ्यात अवघड चिठ्ठी आहे, आणि ती लिहिता आली याचे उपकार तुझेच. गाठोड्याचं फडकं धुऊन, घडी करून यासोबत पाठवते आहे. मंगळवारी मी तिठ्यावर उभी असेन. पुस्तक कुठलंही चालेल.

तिठ्यावर वाट बघणारी, तुझीच
रोहिणी