हृदयावरचं व्याख्यान आणि कडू कॉफी

अलेक्झांड्रिया
९ नोव्हेंबर

ती. कुमुदताईस,

सादर प्रणाम. साष्टांग लिहिणार होतो, पण कमरेने हरकत घेतली. तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार.

तुझ्या पत्रात पुन्हा तोच प्रश्न: सफीनाझ फोनवर का येत नाही, तुम्ही भांडलात का? आज उत्तर देतो. आधी थोडं विद्यापीठाचं ऐक. संस्कृतच्या माणसाला मंगलाचरणाशिवाय मुद्द्यावर येता येत नाही, हे तू लहानपणापासून सोसते आहेस.

संस्कृत शिकायला इथे कुणी उरलं नाही, म्हणून व्याख्यानांची व्यवस्था माझ्या गळ्यात आहे. पुढच्या आठवड्यात मधुमेह, त्यानंतर झोप, मग मूत्रपिंडाच्या विकारांवर संशोधकांचा दिवसभराचा मेळावा. इथले श्रोते रक्ताचे रिपोर्ट आणि छातीचे फोटो पिशवीत घालूनच येतात. वक्ता मंचावरून उतरला की त्याला गाठतात. ज्ञानासाठी ज्ञान ही कल्पना त्यांना फारशी पटलेली नाही.

परवा आमच्या विद्यापीठातल्या डॉक्टर मदीहाचं हृदयावर व्याख्यान होतं. ऐन वेळी सभागृहाचं छत गळू लागलं, म्हणून अंगणात मांडव घालायचं ठरलं. मांडववाल्या हाजी शरनूबींना मी फोनवर सांगितलं, संध्याकाळी हवा, शंभर खुर्च्या, ध्वनिक्षेपक, कॉफी. ते म्हणाले, "अल्ला तुम्हाला धीर देवो." मला वाटलं, व्याख्यानासाठी म्हणाले.

इथे संध्याकाळचा मांडव बहुधा मयताचा असतो. माणसाला पुरलं की घरचे पुरुष मांडवाच्या दारात उभे राहतात. येणारा हात हातात घेतो, बिनसाखरेची कॉफी पितो, जातो. रस्त्यावरचा अनोळखीही क्षणभर टेकतो. मी पोचलो तर खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, आणि कॉफी कडू.

"उस्ताद, मला बोलायला बोलावलंस की पुरायला?" मदीहा म्हणाली.

हाजी घाईघाईने खुर्च्या फिरवू लागले, पण माणसं यायला लागली होती. स्वागताला दारात मी. एका म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरून गेलेल्याचं उरलेलं आयुष्य मला लाभो म्हटलं. हे व्याख्यान आहे असं सांगितल्यावर बिचारा खजील होऊन पहिल्या रांगेत बसला. त्याच्या मागून आलेल्याने विचारलं, "कोण गेलं?"

"बायको," मी म्हणालो.

ताई, सफीनाझ ऑगस्टमध्ये गेली. झोपेत. तिच्या मामेभावाने आणि मी तिला पुरलं. त्याने मांडवाचं विचारलं, मी नको म्हटलं. दारात उभं राहून इतके हात हातात घेणं मला झेपलं नसतं. कचेरीत रजेचं कारण 'घरगुती' लिहिलं. तुला फोनवर ती मासळी आणायला गेली आहे, असं सांगत राहिलो. मौनाने सगळं साधतं, असं पाठशाळेत घोकलं होतं. त्या मौनात अजून दोघांपुरता भात शिजवला जातो आणि तो उभ्याने संपवावा लागतो, हे घोकवून घेणाऱ्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

मग मी दारातून हललो नाही. येईल त्याचा हात धरला, रिवाजाचं उत्तर दिलं. खुर्च्या फिरवता फिरवता हाजी पुटपुटले, "माफ करा, माझी समजूत चुकली."

"चुकली नाही, हाजी," दारातलं माझं उत्तर ऐकलेली मदीहा म्हणाली. "खुर्च्या राहू द्या तशाच."

त्या समोरासमोरच्या रांगांमध्ये उभी राहून ती हृदयावर बोलली. सांत्वनाला आलेलेही बसून राहिले आणि शेवटी त्यांनी रक्तदाब मोजून घेतला. नंतर ती कॉफी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "रोज माझ्याबरोबर चहा पितोस, आणि हे पोटात ठेवलंस?" मी कॉफी संपवली.

तू यायचं मनात आणू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत. एवढंच कर. अरबीत हे मी आता मांडवभर लोकांना सांगितलं आहे. मराठीत सांगायला इथे माझ्याजवळ कुणी नाही. तर हे पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखव. एका घरात तरी ती गेल्याचं मराठीत बोललं जाऊ दे.

याहून अधिक लिहवत नाही.

घरात आता एकटाच असलेला,
तुझा नीलकंठ