धर्मातात्यांचा प्रश्न

कोपरी, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१

आज बाजारात धर्मातात्या दिसले आणि मी नजर चुकवली.

गेल्या महिन्यात आपल्या शहराशी मैत्री जोडायला परदेशी पाहुणे आलेले. खाडीवर दुभाषी म्हणून मी होते. एक पाहुणा म्हणाला, आमचीही नदी अशीच काळी होती. मी ते मराठीत सांगितलं. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या तात्यांनी लगेच त्याचा हात धरला. "बाय, इचार त्याला, साफ कशी केली? आमचा मावरा मरतंय."

आणि मी काय सांगितलं? "हे तुमचं स्वागत करतायत." समारंभ बिघडेल म्हणून! मला कुणी तसं सांगितलं होतं का? कुणीच नाही. पाहुणा हसून मान डोलावत राहिला. तात्यांना वाटलं, त्याने शब्दच दिला.

आज त्यांनीच हाक मारली. "बाय, त्याचा कागद आला काय गं?"

"अजून नाही, तात्या."

"येल. माझा हात सोडत नव्हता तो."

घरी येऊन पाहुण्याला पत्र लिहिलं. तात्यांचा प्रश्न जसाच्या तसा, खाडीतले मासे मरतायत हेही. खाली लिहिलं, हा त्यांनी तेव्हाच विचारला होता, मीच तुमच्यापर्यंत पोचू दिला नाही. इंग्रजीत ते वाक्य सहज उतरलं.

तात्यांना ते मराठीत कसं सांगू?