संसदेतली चर्चा आणि धाकलूचा वारा

ती. शंकरराव भाऊजींना बेलवलीहून श्रीपादचा नमस्कार (कंबर वाकते तितका वाकून). आपला गुडघा आता कसा आहे? ताई फोनवर 'बरा आहे' म्हणते, पण ती सगळ्यालाच बरं म्हणते, म्हणून खात्रीसाठी विचारतो. इकडे हिमानी आणि मी ठीक आहोत.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात रिमोटचे सेल संपले आणि मी संसदेत अडकलो (टीव्हीवरच्या). चॅनेल बदलेना, उठून खाली जायचा कंटाळा, म्हणून धंदेवाल्यांनी वीज कशी वाचवावी या विधेयकावरची चर्चा साडेतीन तास पाहिली. वाटलं होतं डुलकी लागेल. पण ती माणसं जणू माझ्याच कारखान्याबद्दल भांडत होती. एक सदस्य म्हणाले, नियम मोठ्यांना लावा, छोट्यांच्या दारात इन्स्पेक्टर नको. मी मान डोलावली. दुसरे म्हणाले, वाया घालवणारा छोटा की मोठा हे विजेच्या तारेला कसं कळणार? तेही पटलं. (दोन्ही बाजू पटणं हा माझा जुना दोष. हिमानी म्हणते, म्हणूनच सोसायटीत मला कुणी सेक्रेटरी करत नाही.) मग एक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी शेर म्हटला नाही की बाक वाजवला नाही. एवढंच म्हणाल्या, की कायदा व्हायचा तेव्हा होईल, तोवर प्रत्येक कारखानदाराने सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवावीत, नुसता हवेचा कॉम्प्रेसर चालू करावा आणि ऐकावं. काय ऐकावं ते सांगण्याआधीच त्यांची वेळ संपली, आणि मला दोन दिवस दुसरं काही सुचेना.

सुट्टीला अंबरनाथला गेलो, कुलूप काढलं, कॉम्प्रेसर चालू केला. औषधाच्या बाटल्यांची झाकणं दाबणारी आमची मशिनं त्याच्या हवेवर चालतात, हे आपण जाणताच. भाऊजी, बावीस वर्षं ज्याला मी कारखान्याचा आवाज समजत होतो, तो गळतीचा आवाज निघाला. पाइपाच्या जोडाजोडातून फुसफूस चाललेली. साबणाचं पाणी लावत गेलो, तर लहान मुलांच्या खेळासारखे बुडबुडे. सतरा जागा सापडल्या. प्रत्येकीभोवती खडूने गोल केला आणि शोध लावल्याच्या ऐटीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोल धाकलूला दाखवले. धाकलू जांभूळचा, पहिल्या दिवसापासूनचा माझा माणूस. तो शांतपणे म्हणाला, "एकोनीस हायेत," आणि उरलेल्या दोन जागा बोटाने दाखवल्या. त्याला सगळ्या ठाऊक होत्या. एकीवर त्याचा टॉवेल वाळतो, दुसरीने टेबलावरचा कचरा उडतो, आणि त्याच्या स्टुलाच्या वर पाइपात जी आहे तिचं तोंड त्याने तार बांधून मानेकडे वळवलेलं. मी म्हटलं, अरे, ही सगळी वीज वाया जाते. "वाया कुठं जाते, शेठ? माज्या आंगाव येते ना."

मी संसदेतला तो विजेच्या तारेचा मुद्दा काढला. त्याने ऐकून घेतला, कामाचा सदरा खिळ्याला अडकवला आणि घरी निघून गेला. दोन दिवस आला नाही. ऑर्डर अर्धवट, त्याचं मशीन दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणून मीच स्टुलावर बसलो, आणि तत्त्व म्हणून डोक्यावरची हवा बंद ठेवली. एप्रिल महिना, वर पत्रा. तासाभरात माझा घाम झाकणांवर टपकायला लागला आणि शंभरेक झाकणं फेकावी लागली. बाकावर बसून बोलणं निराळं आणि स्टुलावर बसणं निराळं, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी जांभूळला गेलो. त्याच्या ओट्यावर बसून सांगितलं, तुझी गळती राहू दे, पंखा बसेपर्यंत कुणी हात लावणार नाही. त्याने आत चहा सांगितला. दुसऱ्या दिवशी येऊन बाकीच्या अठरा गळत्या त्यानेच बंद केल्या. दुपारी टाकी भरली आणि कॉम्प्रेसर आपणहून थांबला. असं आजवर कधी झालंच नव्हतं. आम्ही सगळे घाबरून त्याच्याभोवती जमलो, आणि शेजारच्या गाळ्यातला कैलास 'कारखाना विकला का?' म्हणून विचारायला आला.

असो. ताईला नमस्कार सांगावा, गुडघ्याचं खरं काय ते कळवावं.

आपला,
श्रीपाद

ता. क. हिमानीने पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं ते लिहा. तर भाऊजी, आमच्या वरदच्या मुंजीच्या आदल्या दिवशी तुम्ही कारखाना बघायला आलात, तेव्हा दारातूनच कान देऊन म्हणाला होतात, "श्रीपाद, तुझी हवा गळते आहे." आणि मी चार माणसांत म्हणालो होतो, की वीज मंडळाच्या माणसाने मीटरपुरतं बोलावं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही बेलवलीला आला नाहीत. चूक माझी होती. आता या.

ता. क. २. पंखा आणून पंधरा दिवस झाले, खोक्यातच आहे. धाकलू लावू देत नाही. म्हणतो, "ते मुंजीचं सायब येतील, ते सांगतील कुठं लावाचा. त्यांना तवाच समजलेला."