हरकत असेल त्यानं उभं राहावं

त्रैक्य रविवारानंतरचा दुसरा रविवार,
दुपार

प्रिय अक्का,

प्रभूमध्ये सलाम. मी खुशाल आहे, तुम्ही सगळे खुशाल असाल अशी आशा धरतो. तुझा गुडघा आता कसा आहे? जावईबापूंना माझा सलाम सांग.

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी वारलेलं नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला पहिल्याच वाक्यात अडवतेस आणि मग मी तब्येतीचं विचारून ठेवून देतो. या वेळी माझं एक काम तुझ्या शब्दावर अडून राहिलं आहे. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण तुझं उत्तर येईपर्यंत ते चर्चमध्ये पुढे सरकणार नाही. काम काय ते सांगतोच. आधी मंडळीची खबर.

नव्या पाळकबाईंना तू पाहिलेलं नाहीस. तू लेकीकडे राहायला गेलीस त्यानंतर त्या आल्या. आपले जुने पाळकसाहेब सूचना एका दमात वाचायचे, त्यामुळे कुणाचं लग्न ठरलं आणि कुणाची छत्री सापडली हे घरी गेल्यावर वेगळं करावं लागायचं. बाईंचं तसं नाही. त्या वाचतात आणि थांबतात. प्रार्थनेत थांबतात, उपदेशात थांबतात. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, बाई पुढचं विसरल्या. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'आमेन' म्हणून त्यांना हात द्यायचं. आता सवय झाली. मला तर ती शांतता आवडू लागली आहे. आठवडाभर दुकानात चष्म्याच्या काचा घासताना यंत्राची जी घरघर कानात साठते, ती त्या थांबण्यात उतरून जाते.

गायनमास्तर अजून पहिल्या बाकावर आहेत. कान पार गेले, पण ताठा शाबूत. कानातलं यंत्र ते सूचनांच्या वेळी बंद करतात, कारण सूचनांत ऐकण्यासारखं काही नसतं असं त्यांचं मत आहे. वाचणाऱ्याच्या हातातला कागद खाली आला की गीत, हे त्यांचं ठरलेलं. ते उभे राहिले की सगळी मंडळी उभी राहते. इतकी वर्षं असंच चाललं आहे आणि ते कधी चुकले नाहीत. हे तुला का सांगतो आहे ते पुढे कळेल.

शनिवारी संध्याकाळी गीतांचे आकडे फळ्यावर लावायचं काम माझ्याकडेच आहे. त्यात मध्यंतरी एक घोटाळा झाला. एका बाळाचा बाप्तिस्मा होता आणि मी दफनविधीच्या गीताचा आकडा लावून ठेवला. ऑर्गन सुरू झाला, मंडळी उठली. बाळाच्या आजीनं बाळाला खांद्यावर थोपटत दोन कडवी अगदी मनापासून म्हटली. तिसऱ्या कडव्यात माती लोटायचा उल्लेख आला तेव्हा तिचं थोपटणं थांबलं.

तू म्हणशील, असा कसा चुकलास? हाच प्रश्न मला उपासनेनंतर फाटकात विचारला गेला. 'काय आकडेवाले, काल संध्याकाळी लक्ष कुठं होतं?' चर्चच्या आवारात खोटं कसं बोलावं? मी म्हणालो, 'वेदीकडे.' 'वेदीकडे मी होते,' असं म्हणून ती व्यक्ती निघून गेली.

ती व्यक्ती कोण हे लिहायला पेन जरा अडखळतं आहे, म्हणून दुसरं आधी सांगून टाकतो. अक्का, माझं लग्न ठरलं आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. तू माझ्यासाठी पाहिलेल्या मुली आता आज्या झाल्या, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मी म्हणायचो, देवाची इच्छा असेल तेव्हा होईल. तू म्हणायचीस, देवाला निदान पत्ता तरी कळव. आता पन्नाशीला टेकल्यावर त्याला पत्ता सापडला असं समज.

तुला नियम माहीत आहेच. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं भर उपासनेत वाचायची, आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं ती तिथेच सांगायची. कुणी हरकत घेतल्याचं मला तरी आठवत नाही. जुने साहेब हरकत विचारता विचारताच गीताचा आकडा सांगून टाकायचे, हरकत घेणाऱ्याला उठायला सवड कुठे होती! आज सकाळी पाळकबाईंनी पहिल्यांदा आमची नावं वाचली. 'या दोघांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आता सांगावं,' असं म्हणून त्यांनी कागद खाली घेतला आणि त्या थांबल्या.

गायनमास्तर उभे राहिले.

मास्तर उठले म्हणून गायकवृंद उठला. गायकवृंद उठला म्हणून मंडळी उठली. बघता बघता सगळं चर्च माझ्या लग्नाविरुद्ध उभं. खरं सांगायचं तर सवयीनं मीसुद्धा अर्धा उठलो होतो.

बाईंचा चेहरा पाहवेना. 'सगळ्यांचीच?' एवढंच त्या म्हणाल्या. मग मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि एकेक जण खाली बसू लागला. मास्तर बसेनात. शेजारच्यानं कानाकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांनी यंत्र सुरू केलं. ते शिट्टीसारखं वाजलं. बाईंनी पुन्हा शांतपणे विचारलं, की मास्तर, आपली काही हरकत आहे का.

अक्का, तुला मास्तर माहीत आहेत. मी चुकून उठलो असं त्यांना म्हणता आलं असतं तर ते मास्तर कसले. सूर लावण्याआधी करतात तसा त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, 'आहे. या पोराला त्याच्या अक्कानं वाढवलं. तिला कळवलंय का?'

बिचारे पळवाट शोधायला गेले आणि त्यांचा हात नेमका माझ्या दुखऱ्या जागेवर पडला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहून 'नाही' म्हणालो. बाई म्हणाल्या, कायद्यानं ही काही हरकत होत नाही. 'कायद्याचं कोण बोलतंय,' असं म्हणून मास्तर बसले आणि त्यांनी यंत्र पुन्हा बंद केलं.

उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी ती फाटकातली व्यक्ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. गेल्या आठवड्यात तिनं विचारलं होतं, अक्कांशी बोललात का? मी म्हणालो होतो, बोललो, गुडघा बरा आहे. यात खोटं काही नव्हतं, पण आज ते तिला पटवता आलं नाही. सगळ्यांदेखत पाळकबाईंना तिनं सांगितलं, की उरलेले दोन रविवार तूर्त थांबवा, अक्कांचं उत्तर आल्याशिवाय नावं वाचू नका. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुमच्या अक्कांनी मला कात्री म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. चोर म्हणवून घेणार नाही.'

हो, अक्का. कात्री.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. चहा करून घे आणि पुन्हा उचल.

त्या हिरव्या वस्त्राबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. वेदीसाठी तू ते भरलंस, आणि त्याच्यावरचा क्रूस डावीकडे कलला होता. हे सगळ्यांना दिसत होतं आणि तुला सांगायची छाती कुणाची नव्हती. एका शनिवारी शिंपीणबाईंनी तो कुणाला न विचारता उसवला आणि सरळ करून शिवला. रविवारी तू पाहिलंस. उपासना संपेपर्यंत गप्प राहिलीस, आणि चहाच्या वेळी म्हणालीस, 'कात्री चालवायला अक्कल लागत नाही.' ती शेजारीच बिस्किटं मांडत होती. त्या दिवसापासून तुझ्या तोंडी तिचं नाव कात्रीच. पुढे तू लेकीकडे गेलीस ती गुडघ्यासाठी, असं आपण सगळे म्हणतो.

तिनं विचारायला हवं होतं. हे मी तिला सांगितलं आहे आणि तिला ते मान्य आहे. तिची बाजू तुला लिहू नका, असं तिनं मला बजावलं होतं. पण आज ती माझ्याशी बोलतच नाही, तेव्हा ती बंदीही उठली असं मी धरतो. गायकवृंदातली टवाळ मंडळी त्या क्रूसाकडे बघत माना वाकड्या करून बसायची. ते तुझ्या लक्षात येण्याआधी संपवावं म्हणून तिनं घाई केली. म्हणाली, 'एवढा बारीक टाका मी आयुष्यात उसवला नव्हता.' सकाळी तुला सांगायचं तिनं ठरवलं होतं, पण तुझा चेहरा पाहिला आणि तिची जीभ उचलली नाही. नंतर तू तिला बोलायला जागा ठेवली नाहीस.

प्रभुभोजनाला मी वेदीपाशी गुडघे टेकतो तेव्हा ते वस्त्र अगदी डोळ्यांसमोर असतं. खिडकीतून उजेड तिरपा पडला की सरळ क्रूसामागे तुझ्या सुईची जुनी भोकं दिसतात, कललेली. दोन्ही क्रूस तिथेच आहेत. देव त्यातला कुठला बघतो ते मला कळत नाही. मला मात्र एक झाकून दुसरा बघता येत नाही.

तू रागावशील म्हणून मी कळवलं नाही असं समजू नकोस. तुझ्या रागाची मला सवय आहे. तू कोरडेपणानं 'बरं' म्हणशील, एखादी चांगली चादर पाठवशील आणि स्वतः येणार नाहीस, याची धास्ती होती. एकट्या माणसाला उपास घडत नाही की पाऊस लागत नाही. फक्त आज अमुक झालं हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं. ती ऐकते. मधेमधे टोचून बोलते, अगदी तुझ्यासारखी. हे वाचून तू आणखी चिडशील, पण तसं आहे खरं.

दोन ओळी लिही. हरकत असेल तर हरकत लिही, मी ती जशीच्या तशी पाळकबाईंना नेऊन देईन. तुला वगळून लग्न करणार नाही. तिला तसं तोंडावर सांगायची हिंमत मात्र देवानं मला द्यावी.

तुझी बोलणी खाऊन वाढलेला,
धाकटा


बुधवार

धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तसाच आहे, त्याला मधे आणू नकोस.

पत्र लेक मोठ्यानं वाचून दाखवत होती. मास्तर उठले तिथे ती इतकी हसली की पुढचं मला स्वतःच वाचावं लागलं, आणि ते बरंच झालं.

हरकत विचारलीस म्हणून सांगते. स्वतःच्या लग्नाची बातमी द्यायच्या आधी तू मला लोकांच्या छत्र्या ऐकवल्यास, ही माझी हरकत आहे. आणि ती माझ्यासारखी आहे असं तिच्यासमोर कधी म्हणू नकोस, ठरलेलं लग्न मोडेल. मास्तरांना माझा सलाम सांग. म्हणावं, जन्मात एकदाच बरोबर वेळी उठलात.

क्रूस कलला होता. भरताना मला तो सरळच दिसत होता, आणि अजूनही डोळे मिटले की सरळच दिसतो. तिनं विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि ती मंडळी माना वाकड्या करून बसलीच असती. हे मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून राग जात नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. तो मी भरपूर दिला.

येत्या रविवारी नावं वाचायला सांग. त्याच्या पुढच्या रविवारी मी येते. मला घ्यायला स्टँडवर येऊन उन्हात उभा राहू नकोस.

तिच्या लग्नाचे कपडे कोण शिवतंय? स्वतःच शिवत बसली असेल. ते ठेव म्हणावं बाजूला, आणि मापं पाठव. मापं तिची तिनं घ्यावीत, तू टेप घेऊन पुढे पुढे करू नकोस. मी शिवते. आता डोळे पूर्वीसारखे नाहीत, कुठे ना कुठे वाकडं जाईल. गेलं तर तिनं मला हाक मारावी. दोघी बसून उसवू.

तुम्हा दोघांची,
अक्का