न मागितलेली रजा

ती. आईस,
वाकून नमस्कार. घाबरू नकोस, नोकरी शाबूत आहे.

सोमवारी आमच्या दवाखान्याच्या औषधविभागातल्या मोठ्या बाईंनी मला आठवड्याची रजा दिली. मी मागितलीच नव्हती. दिवसभर औषधं बांधायची आणि पहाटे उठून बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असं सात महिने चाललंय. नेमकी परीक्षा तोंडावर आली आणि ही रजा! मला वाटलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. एखाद्या नव्या मुलीला माझ्या जागी बसवायचा घाट असणार.

तिसऱ्या दिवशी राहवेना. छत्री विसरल्याचं निमित्त करून गेले. माझ्या टेबलाशी मोठ्या बाई स्वतःच बसल्या होत्या.

"आलीस ना पाळत ठेवायला?" असं म्हणून त्यांनी खणातून दोन पुड्या काढल्या. वर अक्षर माझं होतं, आत गोळ्या भलत्याच.

"पेशंटच्या हाती जायच्या आधी सापडल्या म्हणून बरं. परीक्षा पुढच्या खेपेला दे. आधी झोप काढ."

आई, खोलीवर आले आणि लहान मुलासारखी झोपले. आज परीक्षा पुढच्या खेपेला देण्याचा अर्जही दिला.

बाबांचा गुडघा कसा आहे? वहिनी तुझ्या शिवणाला हातभार लावते का? तू दर पत्रात "मी अगदी मजेत" लिहितेस. मीही सात महिने तुला तेच लिहीत होते. म्हणून विचारते, खरं काय ते कळव.

तुझी,
धाकटी